टाकीतला ट्राउट, ओढ्यातला ट्राउट

हा बघा, दगडाच्या आडोशाला ट्राउट थांबलाय, तोंड प्रवाहाकडं, शेपटी जेमतेम हलतेय. बाजूच्या जोरदार पाण्यातनं किडे, अळ्या वाहत येतात, हा पटकन पुढं होतो, घास घेतो की परत जागेवर. दगडामागं पाणी संथ, ताकद लागत नाही आणि खाणं दारात येतं, म्हणून हातभर जागेसाठी हे मासे असे इरेला पेटतात की आपल्या साताऱ्याकडची बांधावरची भांडणं आठवावीत.

भांडण पण एकदम चावाचावीवर जात नाही हां. आधी शेजारी येऊन पर ताठ करायचे, आडवं अंग दाखवायचं, आणि बऱ्याचदा जो आधीपासून तिथं राहतोय तोच टिकतो. हरलेला हळूहळू काळपट पडतो, ते बघून समोरचापण शांत होतो, विषय संपला.

आता हा टाकीतला, म्हणजे हॅचरीत (मासे पैदास करतात त्या केंद्रात) वाढवलेला. परांच्या कडा झिजल्यात बघा. दाटीवाटीत वाढला, खाद्य वरनं पडणार, तिथं जागा राखून मिळणार काय? त्याला ओढ्यात सोडलं की तो नको तिथं भांडत बसतो, माघार घेत नाही, दगडाचा आडोसा सोडून भर प्रवाहात पोहत राहतो आणि त्यातच दमतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या स्प्रूस क्रीक या ओढ्यावर संशोधक रॉबर्ट बाकमन यांनी ठिपक्यांवरनं एकेक ब्राउन ट्राउट ओळखून हे टिपलं, 1984 ला त्यांचा अभ्यास छापून आला, सोडलेले मासे कमी खात होते आणि हिंडत जास्त होते. मला वाईट याचं वाटतं की मरता मरता ते तिथल्या माशांनापण हुसकावतात. अमेरिकेतल्याच मोंटाना राज्यात मॅडिसन नदीत मासे सोडायचं थांबवलं तर तिथले जंगली ट्राउट वाढले, मग 1974 पासून जंगली ट्राउट असलेल्या नद्यांत मासे सोडणंच बंद केलं.

कोयनेचं पाणी ट्राउटला गरम पडतं, आपल्याकडं तो काश्मीर, हिमाचल नाहीतर मुन्नारकडं. आपला मासा खडस, म्हणजे महसीर. त्याची स्वभावाची रीत वेगळी असेल, पण हॅचरीतली बोटुकली कृष्णा-कोयनेत सोडायच्या आधी एवढं तरी करूया की नदीत आपले खडस किती उरलेत, कुठल्या डोहात राहतात, उन्हाळ्यात कुठं जातात ते तापोळा-बामणोलीकडच्या मासे धरणाऱ्यांना विचारून लिहून काढूया.