वीज देणारे छप्पर आणि पेटंटची परीक्षा

घराच्या गच्चीवर सौरपटले बसवणे आता आपल्याकडे नवलाचे राहिलेले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेने एक कोटी घरांचे उद्दिष्ट समोर ठेवले. तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागल्यापासून तालुक्याच्या गावांतही अशा पटलांच्या रांगा दिसतात. आज मला ज्याविषयी बोलायचे आहे ते मात्र याहून थोडे वेगळे आहे. येथे पटल छपरावर बसत नाही, पटल हेच छप्पर असते. कारखान्यात तयार झालेले, एकमेकांत गुंतणारे तुकडे जागेवर आणून जोडायचे आणि त्यांनीच पाऊस अडवायचा, वारा सोसायचा व वीजही द्यायची, अशी ही कल्पना आहे. पेटंटचे अर्ज लिहिण्याच्या व परीक्षकांच्या आक्षेपांना उत्तरे देण्याच्या कामात असल्यामुळे या विषयातले अर्ज मी आस्थेने वाचत आलो आहे. त्यांतले अनेक अर्ज ज्या ठिकाणी अडकतात ते ठिकाण आज आपल्याला नीट पाहायचे आहे.

परीक्षक काय पाहत नाही, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. तुमचे छप्पर गळते की नाही, ते वादळात उडेल का, पंचवीस वर्षे टिकेल का, याची चाचणी पेटंट कार्यालय घेत नाही. सौरपटलाची रचना आणि सुरक्षितता तपासण्यासाठी आयईसी ६१२१५ व आयईसी ६१७३० ही आंतरराष्ट्रीय मानके आहेत, इमारतीत सामावलेल्या पटलांसाठी २०२० पासून आयईसी ६३०९२ आहे आणि वाऱ्याच्या भाराचा हिशेब आपल्याकडे आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागाप्रमाणे होतो. ही सारी प्रमाणपत्रे हातात असूनही पेटंट नाकारले जाऊ शकते, आणि एकही प्रमाणपत्र नसताना ते मिळू शकते. परीक्षकापुढे असतो तो फक्त कागद, म्हणजे विनिर्देश (आविष्काराचे सविस्तर लेखी वर्णन), आकृत्या आणि दावे (नेमक्या कशावर हक्क मागितला आहे ते सांगणारी वाक्ये). त्या कागदाला तो १९७० च्या पेटंट कायद्यातले प्रश्न विचारतो: हे नवे आहे का, या क्षेत्रातल्या कुशल माणसाला ते सहज सुचले असते का, उद्योगात ते वापरता येईल का, आणि कायद्याच्या तिसऱ्या कलमाने वगळलेल्या गोष्टींत ते मोडते का.

नवेपणाचा प्रश्न वर्गीकरणापासून सुरू होतो. पेटंट दस्तऐवजांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात छपराच्या आच्छादनांसाठी ई०४डी हा वर्ग आहे आणि सौरविजेच्या मांडणीसाठी एच०२एस. या दुसऱ्या वर्गातही २०/२३ हा उपवर्ग छपराच्या रचनांसाठी आणि २०/२५ हा खास कौलांच्या स्वरूपातील घटकांसाठी राखलेला आहे. कौलाच्या रूपातल्या सौरघटकांना स्वतंत्र उपवर्ग द्यावा लागला, यावरूनच तेथे किती कागद आधी साचले आहेत याची कल्पना यावी. डाऊ या अमेरिकी कंपनीने २००९ मध्ये सौरकौले जाहीर केली आणि २०१६ मध्ये त्यांचे उत्पादन थांबवले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टेस्लाने काचेच्या सौरकौलांचे छप्पर जगासमोर मांडले. बाजारात कोण टिकले याच्याशी परीक्षकाला कर्तव्य नसते. बंद पडलेल्या उत्पादनाचा जुना पेटंट दस्तऐवजही तुमच्या अर्जाविरुद्ध तितकाच जिवंत असतो, मग तो जपानी भाषेत असो वा जर्मन. म्हणून 'सौरघट (पटलातले वीज करणारे घटक) बसवलेले, एकमेकांत अडकणारे छपराचे तुकडे' एवढाच पहिला दावा असेल, तर तो पहिल्या परीक्षण अहवालाच्या पहिल्याच परिच्छेदात पडतो.

अर्जदार मग दाव्यात आणखी घटक घालतो: सांध्यात रबराची पट्टी, खाली उष्णतारोधक थर, कडेला जोडणीचा डबा, मोबाइलवर उत्पादन दाखवणारी यंत्रणा. येथे कलम ३(च), इंग्रजी क्रमाने ३(एफ), आडवे येते. ज्ञात उपकरणांची नुसती मांडणी किंवा फेरमांडणी, ज्यातील प्रत्येक उपकरण एकमेकांपासून स्वतंत्रपणे आणि आपापल्या ज्ञात पद्धतीनेच काम करते, तिला कायदा आविष्कार मानत नाही. रबराची पट्टी पाणी अडवते, थर उष्णता अडवतो, सौरघट वीज करतो. प्रत्येकजण आपले जुनेच काम करतो आहे आणि शेजाऱ्याच्या कामात त्यामुळे काहीही बदल होत नाही. अशा यादीत पाच घटक असोत की पंधरा, उत्तर तेच राहते.

या तत्त्वामागे आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर १९७८ चा एक निकाल उभा आहे. विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज हा तो खटला. वाद होता धातूची भांडी कातताना ती यंत्रावर घट्ट धरून ठेवण्याच्या साधनाचा. पेटंट जुन्या, १९११ च्या कायद्याखालचे होते. न्यायालयाने सांगितले की आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टींतली सुधारणा किंवा त्यांचा संयोग पेटंटयोग्य ठरायचा, तर तो कारखान्यातल्या नेहमीच्या सुधारणेहून काही अधिक असला पाहिजे, आणि ते पेटंट अवैध ठरवले. भांडी कातण्याच्या यंत्राचा हा निकाल आज सौरछपराच्या अर्जांवर लागू होतो, यात मला कायद्याची सुसंगतीच दिसते. कारण दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: एकत्र आलेल्या भागांनी मिळून असे काही केले का, जे त्यांतल्या कोणालाही एकट्याने करता आले नसते?

छपरापुरता हा प्रश्न विशेष समृद्ध आहे, कारण छप्पर आणि वीजनिर्मिती या दोन कामांचे एकमेकांशी मुळातच जमत नाही. स्फटिकी सिलिकॉनच्या सौरघटाची क्षमता २५ अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेली असते. त्यापुढे दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.५ टक्के शक्ती घटते. विदर्भातल्या मे महिन्यात सौरघट ६५ अंशांवर गेला, तर ०.४ टक्क्याच्या हिशेबाने १६ टक्के वीज गेली. सांगाड्यावर उचलून बसवलेल्या पटलाच्या पाठीमागून निदान वारा वाहतो. छपराचाच भाग झालेल्या पटलाची पाठ बंद असते. ती मोकळी करावी, तर कोकणातला तिरपा पाऊस त्याच वाटेने आत शिरतो. सांधे कमी करावेत म्हणून तुकडे मोठे केले, तर ते वर चढवणे आणि बदलणे अवघड होते. तुकडे लहान ठेवले, तर विजेच्या जोडण्या वाढतात, आणि प्रत्येक जोडणी ही ओल शिरण्याची, तापण्याची, ठिणगी पडण्याची जागा असते. माझ्या मते या क्षेत्रातले खरे संशोधन याच ओढाताणीत आहे. ज्याने ती सोडवली त्याच्याजवळ आविष्कार आहे, मात्र ती सोडवली हे कागदावर दिसले पाहिजे.

उदाहरणादाखल एक अर्ज आपणच कल्पू. जस्त चढवलेल्या पोलादी पत्र्याचा तुकडा आहे, वर सौरघटांचा थर चिकटवलेला आहे आणि दोन तुकड्यांच्या सांध्याखाली वळचणीपासून आढ्यापर्यंत एक पन्हळ जाते. सांध्यातून झिरपलेले पाणी या पन्हळीच्या तळातून खाली वाहते. पटलाच्या पाठीशी तापलेली हवा त्याच पन्हळीच्या वरच्या भागातून आढ्याकडे चढते आणि बाहेर पडते. विजेच्या तारा पाण्याच्या पातळीच्या वर, पन्हळीच्या एका कडेला दुमडलेल्या ओठात बसतात. वळचणीच्या तोंडाशी पत्र्याला असा बाक दिला आहे की हवा आत येते, पण वाऱ्याने उडवलेला पाऊस अडतो. परीक्षक यावर तीन जुने दस्तऐवज पुढे करील: एकात गुंतणारी सौरकौले, दुसऱ्यात पटलाखालची हवेची पोकळी, तिसऱ्यात सांध्याखालची पाण्याची पन्हळ. आणि तो म्हणेल की कुशल कारागिराने हे तिन्ही जोडले असते.

या आक्षेपाला 'आमचे उत्पादन पर्यावरणपूरक व स्वस्त आहे' हे उत्तर होत नाही, तरीही ते फार वेळा दिले जाते. आपल्या कायद्याच्या व्याख्येत आर्थिक महत्त्वाचा उल्लेख आहे हे खरे, परंतु त्याच व्याख्येत आविष्कार कुशल व्यक्तीला सहज सुचणारा नसावा ही अटही आहे, आणि तिच्यापासून सुटका नाही. खरे उत्तर असे असते: दुसऱ्या दस्तऐवजातली पोकळी वळचणीला सताड उघडी आहे, ती तशीच पहिल्यात घातली तर पाणी आत येईल, तिसऱ्यातली पन्हळ पाण्यासाठी आहे म्हणून वरून बंद आहे, तिच्यातून हवा फिरणार नाही, म्हणजे हे दस्तऐवज एकमेकांना जोडू पाहणारा कारागीर एक दोष घालवताना दुसरा ओढवून घेतो, आणि आमच्या तोंडाशी दिलेल्या बाकामुळे एकच पन्हळ दोन्ही कामे एका वेळी करते. त्यासोबत मोजमापे हवीत. बाक असताना आणि नसताना सौरघटाचे तापमान किती होते, ठरावीक वेगाने पाणी मारल्यावर आत किती आले, छपराचा उतार किती होता, हे आकडे मूळ विनिर्देशात असतील तर उत्तराला पाया मिळतो.

'मूळ विनिर्देशात' या शब्दांवर मी मुद्दाम जोर देतो. अहवाल आल्यावर दाव्यांत दुरुस्ती करता येते, पण कलम ५९ प्रमाणे आधीच्या विनिर्देशात सारतः उघड न केलेली गोष्ट दुरुस्तीने आत आणता येत नाही, आणि दुरुस्त दावा पूर्वीच्या दाव्याच्या कक्षेतच राहावा लागतो. त्या बाकाविषयी अर्जात एकही ओळ नसेल आणि आकृतीतही तो दिसत नसेल, तर तो संशोधकाच्या कारखान्यात प्रत्यक्ष उभा असला तरी परीक्षेत त्याचा उपयोग नाही. कित्येक अर्जांत सौरऊर्जेच्या महत्त्वावर तीन पाने असतात आणि सांध्याच्या छेदाची आकृतीच नसते. मला याचे फार वाईट वाटते, कारण बहुधा तो सांधा करणाऱ्याने त्यावर मनापासून मेहनत घेतलेली असते आणि त्याच्या अर्जातून नेमकी तीच गळालेली असते.

दाव्यांबाबत आणखी थोडे. छपराचा तुकडा, तो बसवण्याची पद्धत आणि ग्राहकाला मासिक भाड्याने छप्पर देण्याची योजना, असे सारे एकाच अर्जात कोंबले जाते. योजना ही व्यवसायपद्धती असल्याने कलम ३ खाली बाद होते. तुकडा आणि पद्धत एकाच आविष्कारकल्पनेने बांधलेली असतील तर एकत्र राहू शकतात, नसतील तर अर्ज विभागावा लागतो. कौलाचा रंग, काचेवरची नक्षी, मंगलोरी कौलाशी असलेले साम्य, या केवळ दिसण्याच्या गोष्टींचे संरक्षण २००० च्या डिझाइन कायद्यात आहे, पेटंटमध्ये नाही.

आता त्या प्रश्नाकडे वळतो, ज्याने आपल्याकडचे लहान उद्योजक परीक्षेला बसण्यापूर्वीच नापास होतात. छप्पर ही उघड्यावर पारखायची वस्तू आहे. ते प्रयोगशाळेत पुरेसे पारखता येत नाही, पाऊस अंगावर घ्यावाच लागतो. म्हणून एखाद्या परिचिताच्या गोठ्यावर ते चढवले जाते, त्याची चित्रफीत समाजमाध्यमांवर टाकली जाते, प्रदर्शनात गाळा घेतला जातो आणि दोन वर्षांनी अर्ज होतो. तोवर नवेपणा संपलेला असतो, आणि परीक्षक अर्जदाराचीच चित्रफीत त्याच्यासमोर ठेवू शकतो. कायद्यात सवलती आहेत, पण त्या अरुंद आहेत. कलम ३१ ची प्रदर्शनाची सवलत केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती आणि बारा महिन्यांपुरती आहे. कलम ३२ मध्ये मात्र छपरासारख्या वस्तूंच्या फार उपयोगाची तरतूद आहे: आविष्काराच्या स्वरूपामुळे सार्वजनिक ठिकाणी चाचणी घेणे वाजवी रीतीने आवश्यक असेल, तर अर्जापूर्वीच्या एका वर्षातील केवळ चाचणीसाठीचा वापर नवेपणाला मारक ठरत नाही. यात विक्री बसत नाही.

याहून सुरक्षित वाट म्हणजे तात्पुरता विनिर्देश आधी दाखल करणे. त्यानंतर पूर्ण विनिर्देशासाठी बारा महिने मिळतात. मे महिन्यात तात्पुरता अर्ज केला, तर एक संपूर्ण पावसाळा आणि पुढचा बहुतेक उन्हाळा मोजमापांसाठी हाती राहतो. तात्पुरत्या अर्जात नसलेल्या नव्या गोष्टीला मात्र पूर्ण विनिर्देशाचीच तारीख लागते, म्हणून तोही त्रोटक असून चालत नाही. व्यक्ती, नवउद्योग, लघुउद्योग आणि शिक्षणसंस्था यांच्यासाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क १,६०० रुपये आणि परीक्षणाच्या विनंतीचे ४,००० रुपये आहे. विनंती केल्याशिवाय परीक्षण होत नाही, आणि २०२४ च्या नियमदुरुस्तीने तिची मुदत ४८ महिन्यांवरून ३१ महिन्यांवर आणली आहे. पहिल्या अहवालानंतर आक्षेप निवारण्यासाठी सहा महिने असतात, ते विनंतीने आणखी तीन महिने वाढवून मिळतात. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट दिले जाईपर्यंत कोणालाही विरोध नोंदवता येतो. दिल्यानंतर एक वर्षापर्यंत हितसंबंधी व्यक्तीला तो करता येतो. पत्र्याच्या व्यवसायातला प्रतिस्पर्धी जुन्या पन्हळींची माहिती परीक्षकापेक्षा बारकाईने बाळगून असतो, हे दावे लिहिताना लक्षात ठेवावे.

येथे बसलेल्या विद्यार्थ्यांना आणि कारखानदारांना मी एक काम सुचवतो. भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावरील शोधसेवेत एच०२एस २०/२३ आणि ई०४डी हे वर्ग घालून प्रसिद्ध झालेले अर्ज पाहा. त्यांतल्या ज्यांचे परीक्षण झाले आहे त्यांची कागदपत्रे, म्हणजे पहिला अहवाल, अर्जदाराचे उत्तर आणि नियंत्रकाचा (पेटंट द्यायचे की नाकारायचे ते ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचा) आदेश, तेथेच विनामूल्य वाचता येतात. आधी दाखल केलेले दावे वाचा, मग आक्षेप, मग शेवटी मंजूर झालेले दावे, आणि पहिल्या व शेवटच्या दाव्यात कोणते शब्द वाढले ते समोरासमोर ठेवून पाहा. ते वाढलेले शब्द मूळ विनिर्देशाच्या कोणत्या ओळीतून किंवा कोणत्या आकृतीतून आले, हे शोधल्यावर स्वतःच्या छपराचा कोणता छेद काढायला बसायचे ते तुम्हाला ठरवता येईल.