पाठीतलं पाणी

हे ट्यूबमधलं पाणी बघा. दिसायला अगदी नळाचं वाटतं, पण हे माणसाच्या कण्यातलं आहे, आणि ज्यांचं आहे त्यांचा आजार सुरू झाला होता लघवीच्या पिशवीत.

मेंदू आणि मज्जारज्जूवर तीन आवरणं असतात, त्यातल्या आतल्या दोघांच्या मधे हे पाणी खेळतं. मोठ्या माणसात साधारण 150 मिली, आणि शरीर रोज अर्धा लिटरच्या आसपास नवीन बनवतं. मूत्राशयाचा कॅन्सर पसरला तर बहुतेक वेळा लसीका गाठी, फुप्फुसं, लिव्हर नाहीतर हाडं. या आवरणांपर्यंत तो इतका क्वचित पोचतो की डॉक्टर अशी एकेक केस जर्नलमध्ये छापतात. केमोने बाकी शरीर आटोक्यात असतानाही हे होऊ शकतं, कारण बरीच औषधं रक्तातून इथवर नीट पोचतच नाहीत.

कॅन्सर इथे पोचला की डोकं दुखतं, एकाचे दोन दिसतात, कंबरेतून पायात कळ जाते, आणि कधी लघवी अडकते. आता लघवीच्या पिशवीच्याच पेशंटला लघवी अडकली तर कण्याकडे कोण बघणार, सांगा!

एमआरआयमध्ये मेंदूच्या घड्यांवरून ही पांढरी रेघ दिसते. पण प्रत्येकाला दिसतेच असं नाही, म्हणून पाणी काढायचं. जर्मनीत कीलला क्विंके नावाच्या डॉक्टरांनी 1891 मध्ये ही पद्धत सांगितली, तरी आपल्याकडे आजही नातेवाईक विचारतात, पाठीतून पाणी काढलं की माणूस लुळा पडतो ना? अहो, मज्जारज्जू वरच संपतो, सुई त्याच्या बरीच खाली जाते.

आता लॅब. खरी गोष्ट इथे आहे, आम्ही इथे दोन दिवस कॅमेरा लावून बसलो होतो.

लॅबच्या मॅडम पाणी मशीनमध्ये ठेवतात, ते गरागरा फिरतं आणि पेशी काचेवर वाटाण्याएवढ्या ठिपक्यात येऊन बसतात, बस्स, एवढाच ठिपका. एक स्लाइड लगेच अल्कोहोलमध्ये, एक हवेवर वाळवून, मग रंग. निरोगी पाण्यात जवळजवळ काहीच नसतं, चार-दोन लिम्फोसाइट, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी. आणि हे बघा, हा घोळका. पेशी मोठ्या, केंद्रक काळपट आणि वेडंवाकडं. मॅडम स्क्रीनकडे बोट करतात आणि म्हणतात, "ह्या इथल्या नाहीत."

पण हा घोळका पहिल्या फेरीत सापडेलच असं नाही. कुठल्याही कॅन्सरचं धरलं तरी पहिल्या वेळी निम्म्याच्या आसपास पेशंटमध्येच सापडतो, दुसऱ्यांदा पाणी काढलं की हा आकडा 80 टक्क्यांच्या जवळ जातो. पाणी 10 मिली तरी हवं. आणि पेशी ट्यूबमध्येच खराब व्हायला लागतात, म्हणून लगेच आणायचं. लॅबमध्ये येतं काय, तर दोन मिली, तेही संध्याकाळी, बाकीच्या सॅम्पलबरोबर पिशवीत घालून! मग रिपोर्ट "निगेटिव्ह" येतो आणि सगळे निश्चिंत होतात.

उपचार म्हणजे रेडिएशन, पाण्यातच सोडलेली औषधं, आणि तरीही बहुतेकांच्या हातात काही आठवडे, फार तर काही महिने.

ही त्याच पेशंटची दुसरी ट्यूब. लेबलवर वेळ लिहिलीय, 11 वाजून 20 मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळात 11:40. मॅडम झाकण लावतात.