टिंब राहिलं

नमस्कार श्रोतेहो. कारखान्यात यंत्रंच काम करायला लागली, तर माणसांनी करायचं काय, यावर बोलायला मला बोलावलंय. मी टर्नर, लेथवर धातू फिरवून कातणारा. भोसरीत 24 वर्षं चिप्स, धातूचा कीस, झाडल्या, तेवढ्यातलंच सांगतो.

आकड्यांवर चालणारं मशीन कालपरवाचं नाही. 1952 सालीच अमेरिकेत, एमआयटीमध्ये, भोकं पाडलेल्या पट्टीवर मिलिंग मशीन चालवून दाखवलं होतं. आमच्या शॉपमध्ये सीएनसी, कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं, यायला बरीच वर्षं लागली. हँडल गेलं, बटणं आली.

शॉपमधले सगळ्यात जुने कारागीर म्हणजे मामा. शिक्षण सातवी, इंग्रजीशी वाकडं. मी नवानवा प्रोग्रॅम लिहायला शिकलेलो, म्हणजे हवेतच. एका शाफ्टसाठी टूल, कापायचं हत्यार, पन्नास मिलिमीटर व्यासावर आणायचं होतं. मी लिहिलं, एक्स पन्नास. पुढचं टिंब राहिलं. ऐकताय ना? दशांशाचं टिंब राहिलं. आमच्या मशीनला टिंब दिसलं नाही, की पन्नासचे होतात पन्नास मायक्रॉन. केसाएवढे! म्हणजे मी टूलला सांगत होतो, घूस जॉबच्या, म्हणजे मशीनवर लावलेल्या तुकड्याच्या, पोटात, तेही रॅपिडनं, फुल स्पीडला.

स्टार्ट दाबून मी चहाकडे वळलो. तेव्हा चहा काचेच्या ग्लासात यायचा; हल्ली मशीनमधून कागदी कपात जे पडतं, त्याला चहा म्हणणं बंद करायला हवं. असो. मागे खट्ट आवाज झाला. मामांचा तळहात लाल बटणावर, आणि टूल जॉबपासून दोन बोटांवर थांबलेलं.

"मामा, कसं कळलं तुम्हाला?"

"जॉब जवळ आला तरी आवाज खाली येईना. आणि पहिल्या पीसला हात लाल बटणावरच ठेवायचा असतो, येड्या."

मग त्यांना स्क्रीनवर टिंब दाखवलं. म्हणाले, "एवढंसं? मला वाटलं माशीनं घाण केलीय."

आता प्रोग्रॅम कॉम्प्युटरच काढून देतो, टक्कर आधी स्क्रीनवर दिसते. जॉब लावायला-काढायला रोबो, तीन मशीनमागे एक ऑपरेटर. लावण्या-काढण्याचं काम जाणार, त्यात लपवण्यासारखं काही नाही. सेटर, म्हणजे मशीन जुळवून पहिला पीस काढून देणारा, मात्र हवाच असतो. 'सेटर पाहिजे'ची पाटी आमच्याकडे गेटावरून उतरत नाही. पण सेटर तयार कुठे होतो? जॉब लावता-काढताच कान तयार होतो. पुन्हा सांगतो, लावता-काढताच. तेच काम रोबोकडे गेलं.

हल्ली मी पोरांना शिकवतो. पहिले दोन महिने हँडलचंच लेथ देतो. पोरं कुरकुरतात. परवा एकाचे वडील भांडायला आले होते.