हाक खिडकीची, ओ तोतयाची

[पडद्यावर एका एडिटरची खिडकी. ‘बिल्ड’ बटण दाबलं जातं. हिरवी खूण उमटते.]

ही खिडकी स्वतः काहीच कंपाइल करत नाही, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवत नाही. ती आतून ‘मेक’ला, म्हणजे ते काम करवून घेणाऱ्या प्रोग्रामला, हाक मारते. जाताना मेक एक आकडा सांगून जातं: ० म्हणजे जमलं, चूक झाली तर २. हिरवी खूण या आकड्यावरच उमटायला हवी.

मेक १९७६ साली बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलं. त्यांच्या एका सहकाऱ्याची अख्खी सकाळ बरोबर असलेल्या प्रोग्राममध्ये चूक शोधण्यात गेली होती. दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइलच झाली नव्हती. खोटी हिरवी खूण माणसाला याच जागी आणून सोडते. म्हणून खिडकी मेकशी नीट बोलते का हे तपासणाऱ्या या टेस्ट मला जिवाभावाच्या वाटतात.

[टर्मिनल. चार-पाच ओळींची शेल स्क्रिप्ट.]

हा आमचा तोतया. नावही मेकच. पाथ म्हणजे प्रोग्राम कुठे शोधायचे त्या फोल्डरांची यादी; त्याचा फोल्डर तिच्यात सगळ्यात पुढे ठेवला, की खिडकी हाक मारते मेकला आणि ओ देतो हा. खिडकीनं काय काय सांगितलं ते तो फाइलमध्ये उतरवतो आणि आपण पढवलेला आकडा परत करतो.

फोल्डरचं नाव देऊ ‘माझा प्रकल्प’. तोतयाच्या फाइलमध्ये ‘माझा’ एका ओळीत आणि ‘प्रकल्प’ दुसऱ्या ओळीत दिसलं, तर खिडकीनं नाव मधूनच तोडलंय. खरं मेक ‘माझा’ नावाचा फोल्डर शोधत बसलं असतं.

आता तोतया लाखभर बाइट एरर ओततो. ते खिडकीपर्यंत पोचतात पाइपमधून, म्हणजे दोन प्रोग्राममधल्या नळीतून; लिनक्सवर तिच्यात एरवी ६५,५३६ बाइट मावतात. खिडकी काही न वाचता नुसती थांबून राहिली, तर पाइप तुंबतो. तोतया खिडकीची वाट पाहतो, खिडकी तोतयाची. टेस्टला वेळेची मर्यादा घातलेली असते ती यासाठी.

आणि ही टेस्ट आपल्या लिपीची. तोतया सलग दोन हजार वेळा ‘म’ छापतो. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीत, एक ‘म’ तीन बाइटांचा. खिडकी ४,०९६ बाइटांचे घास घेते: १,३६५ ‘म’ बसतात, पुढच्याचा एक बाइट अलीकडे, दोन पलीकडे. प्रत्येक घास वेगळा उलगडला की तिथे काळे चौकोन दिसतात. इंग्रजी मजकुरावर ही चूक कधीच सापडत नाही, कारण तिथलं अक्षर एका बाइटचं.

[खिडकीची चूक दुरुस्त केल्यावर टेस्ट पुन्हा चालते. पडद्यावर ‘म’च्या ओळी सरकतात. १,३६६ वा ‘म’ अख्खा.]