चिनी गुलाबाची किनार

नमस्कार श्रोतेहो. होळीच्या आसपासचे दिवस म्हणजे चिनी गुलाब, ज्याला आपण ऑफिस टाइम म्हणतो ते फुलझाड, बियांपासून लावायचे दिवस.

एका सोसायटीतली गोष्ट सांगतो. माळीकाकांनी फाटकापासून जिन्यापर्यंत झेंडूसारखंच बी लावलं. बोटभर चर, त्यात बी, वर माती, झारीने पाणी. पंधरा दिवस झाले तरी एक कोंब नाही. बी शिळं निघालं म्हणून दुकानदाराला बोल लावले आणि पाकीट फरशीच्या कडेला झटकून टाकलं. पाकिटाच्या तळाशी राहिलेलं चिमूटभर बी फटीतल्या रेतीत पडलं. येताजाता कुंड्यांचं पाणी तिथे झिरपत होतं. आठवड्यात त्या फटीत बारीक, लालसर, मांसल कोंबांची रांग उभी! बी तेच, पाणी तेच. या बियाला उजेड लागतो. खसखशीहून बारीक दाणा, त्याच्या पोटात शिदोरी ती किती? बोटभर मातीतून तो वर येणार कसा? म्हणून सांगतो, वर माती घालायची नाही.

पसरट कुंडीत दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग चाळलेलं गांडूळखत भरा. चमचाभर कोरड्या रेतीत चिमूटभर बी मिसळून भुरभुरा आणि तळव्याने हलकेच दाबा. झारी नको, बी वाहून एका कोपऱ्यात जमतं. कुंडी पाण्याच्या परातीत ठेवा, ओल खालून चढू द्या. सात ते चौदा दिवसांत उगवण दिसते. रोपं बुडाशी काळी पडून कोलमडली, तर ओल जास्त आणि दाटी जास्त. विरळणी करा. दोन इंचांची झाली की वाटेच्या किंवा वाफ्याच्या कडेला सहा-सहा इंचांवर लावा.

ऊन किमान सहा तास हवं. सावलीत फूल उमलतच नाही. युरिया घालू नका, नुसता पाला माजतो. आणि कडेच्या विटांना गेरू-चुना कशाला फासता? महिन्या-दीड महिन्यात झाड पसरून वीट झाकून टाकतं.

बोंड पिवळसर झालं की लगेच खुडा. नाहीतर त्याचं वरचं टोपण आपोआप सुटतं आणि बी सांडतं. दुहेरी फुलाच्या बियांतून मात्र एकेरी फुलंही निघतात. तोच रंग, तीच पाकळी हवी असेल, तर बोटभर फाटा तोडून रेतीत खोचा.