मुळावरची गाठ

नमस्कार विद्यार्थी मित्रहो, आणि स्वयंपाकघरात, ओसरीवर रेडिओ ऐकणाऱ्या मोठ्या मंडळींनाही नमस्कार.

आज सहजीवनाबद्दल बोलू. हवेत सुमारे 78 टक्के नायट्रोजन, म्हणजे नत्र आहे. त्याच्याशिवाय प्रथिनं बनत नाहीत, पण हवेतला नत्र झाडाला थेट घेता येत नाही. तूर, मूग, हरभरा, सोयाबीन यांच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. झाड त्यांना साखर देतं, ते झाडाला नत्र देतात. पुन्हा ऐका: झाड साखर देतं, जिवाणू नत्र देतात.

पोळ्याच्या आधी जिंतूरकडच्या एका शाळेची नववीची मुलं घेऊन मी सोयाबीनच्या रानात गेलो होतो. झाड उपटायचं नाही, खुरप्यानं मातीसकट उकरायचं, हे आधीच बजावलं. ओढलं की गाठी काळ्या मातीत तुटून राहतात. मूळ बादलीत धुतलं, तर गाठीच गाठी. शेजारच्या ओळीत खुरपणाऱ्या आजी उठून आल्या.

"गुर्जी, ह्याला रोग पडलाय. आमच्या वांग्याला बी असंच झालतं. फेकून द्या लेकरांच्या हातातलं."

आजींचं निरीक्षण पक्कं होतं. सूत्रकृमींमुळे, म्हणजे मातीतल्या दोऱ्यासारख्या सूक्ष्म कृमींमुळे, वांग्याच्या मुळांना खरंच गाठी येतात. पण तिथं मूळच फुगलेलं असतं, गाठ सुटत नाही. ही गाठ नखानं अलगद निघते. एका मुलीनं ती काढून आजींना दाखवली आणि दगडावर ठेवून ब्लेडनं कापली. आत लालसर गुलाबी!

"आगं माय, रगात!"

मित्रहो, आजी फार चुकल्या नव्हत्या. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा. आपल्या हिमोग्लोबिनसारखंच ते लोह असलेलं प्रथिन. नत्र पकडणारं जिवाणूचं विकर, म्हणजे एन्झाइम, ऑक्सिजननं निकामी होतं, म्हणून हे प्रथिन ऑक्सिजन धरून ठेवतं आणि जिवाणूंना श्वसनापुरताच पोचवतं.

हे ऐकून आजी म्हणाल्या, "म्हणून आमचे मामंजी मुगाच्या रानातच जवारी पेरायचे. कणीस लई भरायचं." बरोबर! मुगाची मुळं आणि पाला रानात कुजतात, त्यातला नत्र रब्बीच्या ज्वारीला मिळतो.

ती ज्वारी आपण सोडू नये, असं मला फार वाटतं. ज्वारी गेली की कडबा जातो, कडबा गेला की दावणीची जनावरं जातात. आणि गाठीची आकृती फळ्यावरून उतरवून घेणाऱ्या मुलांना एकदा तरी रानात न्यावं, हेही शिक्षकांना कळकळीनं सांगतो.

परभणीच्या कृषी विद्यापीठात रायझोबियमचं जिवाणू खत मिळतं. घरी बियाण्याला हे खत चोळतील तेव्हा हातभार लावा. पाकिटावर पिकाचं नाव बघा. हरभऱ्याचं वेगळं, सोयाबीनचं वेगळं. बियाणं सावलीत सुकवा, सावलीतच, उन्हानं जिवाणू मरतात. मग हरभरा फुलावर आला की एक झाड उकरा आणि गाठ कापा. गुलाबी निघाली, तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली, तर तिथं नत्र पकडला जात नाही. तारीख घालून वहीत लिहा. नमस्कार.