छेदात कोण?

[दृश्य: महापालिकेचा दवाखाना, सकाळची वेळ. केसपेपरची रांग.]

पुण्यातल्या कुठल्याही सरकारी ओपीडीच्या रांगेत खोकणारे चार-पाच जण असतातच. धुळीचा खोकला, बिडीचा खोकला, पावसाळ्यातला सर्दी-खोकला. त्यातल्या एखाद्याला डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवस झाले?" आणि उत्तर आलं, "दोन आठवडे होऊन गेले", तर त्याला बेडका तपासायला पाठवायचं, हा क्षयरोग कार्यक्रमाचा नियम. अगदी साधा. पण हा प्रश्न विचारला गेला की नाही, याची नोंद कुठेच होत नाही. क्षयाचं रजिस्टर सुरू होतं ते लॅबपासून पुढे.

[दृश्य: लॅब. डब्यांवर नंबर टाकणारे हात.]

क्षयाच्या सेवेची गुणवत्ता विचारली की बहुतेकदा एकच आकडा पुढे केला जातो: उपचार यशस्वी झालेल्यांची टक्केवारी. शाळेतला अपूर्णांक आठवा. अंशात बरे झालेले, आणि छेदात? ज्यांची नोंद झाली तेवढेच. ज्याला बाटलीभर औषध देऊन घरी पाठवलं, तो छेदात नाहीच. म्हणून तो हुकल्यामुळे टक्केवारी तसूभरही घसरत नाही.

2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हा छेदच बदलला. नोंदवलेले रुग्ण नव्हे, तर 2013 मध्ये देशात असलेले सगळे रुग्ण धरले, अंदाजे 27 लाख. त्यांपैकी सरकारी तपासणीपर्यंत पोहोचले 72 टक्के. निदान झालं 60 टक्क्यांचं. उपचारासाठी नोंद झाली 53 टक्क्यांची. उपचार पूर्ण केले 45 टक्क्यांनी. आणि त्यानंतरचं वर्ष आजार न उलटता जगले 39 टक्के.

यातली 60 ते 53 ही पायरी नीट पाहा. बेडक्यात जंतू सापडले, कागद तयार झाला, तरी माणूस उपचारापर्यंत आला नाही. इथे रोग शोधण्याचा प्रश्नच उरलेला नाही. पत्ता अपुरा, मोबाईल शेजाऱ्याचा, रिपोर्ट न्यायला कामाचा खाडा परवडत नाही, अशी ती गळती असते. हे आकडे सीबीनॅट आणि ट्रूनॅट ही क्षयाचे जंतू ओळखणारी यंत्रं सर्वदूर पोहोचण्यापूर्वीचे आहेत, हे खरं. यंत्रामुळे निदान काही तासांत होतं. पण निदान झालेल्या माणसाला यंत्र शोधत जात नाही. ते काम आशाताई आणि उपचार पर्यवेक्षक करतात, पायी नाहीतर दुचाकीवर.

[दृश्य: वजनकाटा. कार्डावरचे रकाने.]

आता वजनकाट्याकडे येऊ. आमच्या मते सेवा कशी चालली आहे, हे सगळ्यात स्वस्तात सांगणारी वस्तू हीच.

क्षयाच्या एकत्रित गोळ्या, म्हणजे एकाच गोळीत अनेक औषधं, वजनावर ठरतात. मोठ्या माणसाचं वजन 35 ते 49 किलो असेल तर दिवसाला तीन, 50 ते 64 असेल तर चार. म्हणजे आधी वजन, मग औषध. उपचार लागू पडला की भूक परतते, वजन वाढतं, आणि माणूस वरच्या गटात गेला की गोळ्यांचा पुन्हा विचार करावा लागतो. झारखंडमधल्या पोषणाच्या अभ्यासात, जो 2023 मध्ये प्रसिद्ध झाला, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्के वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका 61 टक्क्यांनी कमी दिसला. निक्षय पोषण या सरकारी योजनेतून क्षयरुग्णाच्या खात्यात येणारे दरमहा एक हजार रुपये याच कामासाठी, म्हणजे आहारासाठी आहेत. नोव्हेंबर 2024 पूर्वी ते पाचशे होते.

म्हणून कार्ड तपासणाऱ्याने आधी वजनाचा रकाना बघावा. सहाही महिने 47, 47, 47 असेल, तर एक तर काटा बंद आहे, किंवा माणसाला काट्यावर कुणी उभंच केलेलं नाही. दोन्ही गोष्टी यशाच्या टक्केवारीत दिसत नाहीत.

त्या टक्केवारीतही दोन प्रकार एकत्र मिसळलेले असतात. 'बरा झाला' म्हणजे सुरुवातीला जंतू सापडले होते आणि शेवटी तपासल्यावर सापडले नाहीत. 'उपचार पूर्ण' म्हणजे गोळ्या संपल्या, पण शेवटच्या तपासणीचा पुरावा नाही. फुप्फुसाबाहेरच्या क्षयात तो पुरावा मिळणं अवघडच असतं. पण बेडक्यात जंतू सापडलेल्यांमध्येही 'उपचार पूर्ण'च जास्त दिसू लागले, तर शेवटचा बेडका घ्यायचा राहतोय, असं समजायला हरकत नाही.

[दृश्य: पुण्याचा नकाशा. बांधकामाच्या साइट, पत्र्याच्या खोल्या.]

पुण्यात आणखी एक गुंता आहे. पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका आणि ग्रामीण जिल्हा, असे तिघांचे तीन हिशेब. बांधकाम मजूर आज वाघोलीत, पुढच्या महिन्यात हिंजवडीत, दिवाळीला मराठवाड्यातल्या गावी. निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी पोर्टलवर त्याची नोंद एका ठिकाणाहून दुसरीकडे पाठवता येते. पण नोंद पोहोचली म्हणजे माणूस पोहोचला असं होत नाही. मधल्या आठवड्यांतल्या गोळ्या कुणाच्या हिशेबात धरायच्या, यावर दोन कार्यालयांत फोनाफोनी होते.

ओपीडीतला तो न नोंदवलेला प्रश्न मोजायचीही एक रीत आहे. शिकवून तयार केलेला माणूस रुग्ण म्हणून जातो, ठरलेली तक्रार सांगतो आणि डॉक्टरांनी काय केलं ते बाहेर येऊन लिहितो. मुंबई आणि पाटण्यात खासगी डॉक्टरांकडे असं केलं, तेव्हा फक्त 35 टक्के भेटींत डॉक्टरांनी वैद्यकीयदृष्ट्या योग्य ते केलं, म्हणजे तपासणीला पाठवणं वगैरे. खचाखच भरलेल्या सरकारी ओपीडीत असा खोटा रुग्ण पाठवायचा, तर एका खऱ्या रुग्णाची काही मिनिटं जातात. आम्हाला ती किंमत रास्त वाटते. डॉक्टरांना कदाचित वाटणार नाही.

[दृश्य: टेबलावर फोन, शेजारी रुग्णांची यादी.]

उपचार संपल्यावर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी रुग्णाला पुन्हा तपासावं, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. आधीच्या अभ्यासातले उपचार पूर्ण केलेले 45 टक्के आणि आजार न उलटता जगलेले 39 टक्के, यांमधला फरक या दोन वर्षांच्या पहिल्या अर्ध्यातलाच आहे. यादीतले नंबर लागले तर त्यातलं कोण पुन्हा खोकू लागलंय ते कळेल. आज निम्मी दुपार त्यासाठी राखून ठेवली आहे.